‘जी’चा रकाना

शंभर फील्ड म्हणजे शंभर फील्ड. नव्व्याण्णव नाही. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची, तेलाचा थेंब टाकायचा आणि शंभर फील्ड, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारी अशी शंभर वर्तुळं, बघून झाल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे कानात बसलं ते निवृत्तीपर्यंत. अजूनही जिना चढताना कधी कधी पायऱ्या मोजत असतो.

गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागून असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन होतो. लोकांच्या लेखी ‘मलेरियावाला’. आरोग्यसेवक आठवडाभर पाड्यापाड्यांवरून तापाच्या रुग्णांची बोटं टोचून पट्ट्या गोळा करत आणि गठ्ठा बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवत. पावसाळ्यात आणि पुढच्या दोनतीन महिन्यांत गठ्ठ्यावर गठ्ठा. जेएसबी स्टेनच्या दोन बरण्या कायम समोर. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या दोघांनी १९४४ साली बसवलेली ही रीत. स्वस्त, झटपट, पाण्यात कालवता येणारी. यात गंमत अशी की दोन नंबरचा लाल रंग आधी आणि एक नंबरचा निळा नंतर. नवीन आलेला पोरगा इथे एकदा तरी चुकायचाच.

रजिस्टरमध्ये निकाल लिहायचे ठरलेले प्रकार होते. मलेरियाच्या परजीवीची जात व्हायव्हॅक्स असेल तर ‘पीव्ही’. फाल्सिपेरम असेल तर ‘पीएफ’, आणि पुढे मात्र आणखी एक अक्षर. नुसत्या अंगठ्या दिसल्या तर ‘आर’, नुसत्या चंद्रकोरी दिसल्या तर ‘जी’, दोन्ही दिसल्या तर ‘आरजी’. अंगठी म्हणजे रुग्णाला ताप आणणारा परजीवी. चंद्रकोर म्हणजे ताप न आणणारा, रक्तात गुपचूप फिरणारा, डासाची वाट बघणारा. तिला गॅमिटोसाइट म्हणतात, आम्ही ‘जी’ म्हणायचो. पुस्तकांत तिला केळ्याची उपमा देतात. मला ती कधी पटली नाही. निळसर, दोन्ही टोकांना निमुळती, मधोमध काळपट ठिपक्यांचा पुंजका. कपाळावर कोरलेली चंद्रकोरच ती.

एका प्रशिक्षणात शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर दोन चंद्रकोरी काढल्या होत्या. एक लांब, सडसडीत, निळी, ठिपके मध्यावर गोळा झालेले. दुसरी आखूड, जाडसर, फिकट गुलाबी, टोकं बोथट, ठिपके विखुरलेले. पहिली मादी, दुसरा नर. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मग कुणीतरी विचारलं, “सर, फॉर्ममध्ये कुठं भरायचं?” सर म्हणाले, “कुठंच नाही.” विषय संपला. ज्याला रकाना नाही त्याची दखल सरकारी माणूस घेत नाही. मीही घेतली नाही. शिवाय जाड थेंबाच्या पट्टीवर, जेएसबीच्या रंगात, नर आणि मादी वेगळे ओळखायचे म्हणजे डोळ्याला त्रासच. ते काम पातळ पट्टीचं आणि जिम्सा स्टेनचं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी भाचीचा फोन आला. ती पुण्यात परजीवींवर पीएचडी करते. म्हणाली, “मामा, तुम्ही जन्मभर क्रेसेंट बघितलेत. नर किती असायचे आणि माद्या किती?”

मी गप्प. एवढ्या वर्षांत हजारो पट्ट्या नजरेखालून गेल्या आणि या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

“माद्या जास्त असणार,” ती म्हणाली. “तीनचार माद्यांमागे एक नर, साधारण असंच सापडतं. का ते माहितीये?”

त्या दिवसापासून ती मला वाचायला पाठवू लागली. इंग्रजी जड जायचं, मग ती फोनवर समजावायची. त्यातलं जे माझ्या डोक्यात उतरलं ते इथे मांडतोय.

आधी एक गोष्ट समजून घेताना मला त्रास झाला. मलेरियाच्या परजीवीत नर-मादी ठरवणारं गुणसूत्रच नाही. माणसाच्या रक्तात असताना त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकेरीच संच असतो. एका परजीवीपासून फुटून झालेली सगळी पिलावळ हुबेहूब सारखी, आणि त्याच पिलावळीतून काही नर होतात, काही माद्या. बहुतेक परजीवी आयुष्यभर अंगठी-फुटणं-अंगठी हाच उद्योग करतात, शंभरात जेमतेम एखाददुसरा लैंगिक वाटेला वळतो. वळला की फाल्सिपेरमची चंद्रकोर पक्व व्हायला दहा-बारा दिवस लागतात आणि त्यातले बरेचसे दिवस ती अस्थिमज्जेत दडून काढते. म्हणून रुग्णाच्या बोटातून काढलेल्या रक्तात आधी अंगठ्याच दिसतात आणि चंद्रकोरी मागाहून उगवतात. या वळणाची जनुकीय कळ २०१४ मध्ये हाती लागली, आणि नर व्हायचं की मादी हे ठरवणारं एक जनुक २०२२ मध्ये. म्हणजे मी नोकरीत होतो तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, याचं मला थोडं बरं वाटलं.

आता प्रमाणाचा प्रश्न. बहुतेक प्राण्यांत नर-मादी निम्मे निम्मे का, याचं उत्तर रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्ये दिलं. नर कमी झाले तर प्रत्येक नराला जास्त माद्या मिळतात, मग ज्याला मुलगे जास्त त्याला नातवंडं जास्त. माद्या कमी झाल्या तर उलट. तराजू हलत हलत मध्यावर येऊन थांबतो. पण या हिशोबात एक गृहीत आहे: लग्नाचा बाजार मोठा, सगळ्यांना खुला. बाजारच जर एका खोलीएवढा असेल तर?

इथे भाचीनं मला विचारलं, “मामा, उंबर फोडून बघितलंय ना?”

न बघायला काय झालं. उंबर फोडलं की आत किडे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ते किडे करतात काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. उंबर काय, वड काय, पिंपळ काय, या सगळ्यांच्या फळांत इवल्याशा गांधीलमाश्यांचं एक जग असतं. एखादी मादी चिमुकल्या भोकातून आत शिरते, तिथेच अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढची पिढी त्याच फळात जन्मते, तिथेच जोड्या जुळतात. नरांना पंखही नसतात, ते फळाबाहेरचं जग बघतच नाहीत. गाभण माद्या तेवढ्या उडून जातात. आता फळात जर एकच आई शिरली असेल, तर तिचे मुलगे भांडणार कुणाशी? आपापसात. एका मुलानं मिळवलं ते दुसऱ्यानं गमावलं, आईच्या पदरात काहीच जास्तीचं नाही. मग तिनं सगळ्या लेकींना पुरतील एवढेच मुलगे घालावेत आणि बाकी सगळ्या लेकी. पण त्याच फळात दुसरी परकी मादी शिरली, की तिच्या लेकींसाठीही आपले मुलगे असणं फायद्याचं. जितक्या आया जास्त तितका मुलग्यांचा वाटा वाढत निम्म्याकडे सरकतो. दोन आया असतील तर हिशोबानं पाव हिस्सा मुलगे.

हा हिशोब बिल हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९६७ मध्ये मांडला आणि पुढे १९८५ मध्ये पनामाच्या जंगलातल्या अंजीर-कुळातल्या झाडांवर तो ताडून बघितला गेला. ‘उंबरातला किडा’ म्हणजे संकुचित जगात रमणारा, असं आपण हिणवून म्हणतो. त्या किड्याच्या आईला आपल्या जगाची रुंदी किती नेमकी कळते, हे वाचून मी तरी तो शब्द वापरायचा सोडला.

आता उंबराच्या जागी डासाचं पोट ठेवा.

डास एका वेळी दोनतीन मायक्रोलिटर रक्त पितो. (पिते म्हणायला हवं, चावतात त्या डासांच्या माद्याच.) त्या थेंबात जेवढ्या चंद्रकोरी आल्या तेवढंच ते लग्नघर. सगळ्या एकाच माणसाच्या रक्तातल्या. त्या माणसाच्या अंगात परजीवीचा एकच वाण असेल तर नर आणि मादी सख्खे म्हणायचे तर त्याहूनही जवळचे, एकाच जिवाच्या दोन प्रती. अशा वेळी नर जास्त करणं म्हणजे आपलंच आपल्याशी भांडण. अंगात चारपाच वाण असतील तर मात्र नरांना परक्या माद्या मिळायची शक्यता, मग नर वाढवणं परवडतं. अँड्र्यू रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हाच हिशोब उलटा चालवला. पापुआ न्यू गिनीतल्या रुग्णांच्या पट्ट्यांत पाच चंद्रकोरींत एकाच्या आसपास नर सापडत होते. म्हणजे तिथले परजीवी बहुतांशी स्वतःशीच लग्न लावत असले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष. तीन वर्षांनी तिथल्याच डासांच्या पोटातून जनुकीय पुरावा आला आणि तो याच दिशेचा होता. एडिंबरामध्ये सेरा रीस यांच्या गटानं २००८ मध्ये उंदरांच्या मलेरियावर प्रयोग करून दाखवलं, की तोच परजीवी एकटा असताना कमी नर करतो आणि सोबत दुसरे वाण असले की नरांचं प्रमाण वाढवतो. म्हणजे रक्तात कोण आपलं आणि कोण परकं याचा काहीतरी अंदाज त्या एका पेशीच्या जिवाला येतो.

हे वाचल्यावर मला रात्री झोप लागेना. मी ज्याला ‘जी’ लिहून पुढे सरकत होतो, त्या पट्टीवर त्या गावाची कुंडली मांडलेली होती. नर किती, माद्या किती यावरून त्या माणसाला किती वेगवेगळ्या वाणांनी गाठलं, म्हणजे पर्यायानं त्या पाड्यावर मलेरिया किती दाट, याचा सुगावा लागला असता. नाल्याकाठचा पाडा आणि डोंगरावरचा पाडा, दोन्हीकडच्या पट्ट्या माझ्याकडे एकाच गठ्ठ्यात यायच्या. नाल्याकाठी दर पावसाळ्यात घरटी ताप, डोंगरावर एखादाच. फरक होता का चंद्रकोरींत? पट्ट्या तपासून, फेरतपासणीला पाठवून, धुऊन पुन्हा वापरात गेल्या. आता विचारायचं कुणाला?

भाचीनं मात्र माझा उत्साह आवरला. तिचं म्हणणं बरोबर होतं. एका पट्टीत दोन, तीन, फार तर सात-आठ चंद्रकोरी. एवढ्यावरून प्रमाण काढणं म्हणजे दोन घरं बघून गावाचं उत्पन्न सांगणं. खरी मोजणी करायची तर शेकड्यांनी चंद्रकोरी, चांगल्या रंगवलेल्या, आणि दोन माणसांनी एकमेकांना न विचारता ओळखलेल्या. नर-मादी ओळखण्यात जाणत्यांचीही चूक होते. म्हणून आता बरेच जण सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवून नराचं आणि मादीचं वेगवेगळं आरएनए मोजतात.

शिवाय नातेसंबंध हे एकच कारण नाही. दुसरं कारण मला जास्त भिडलं, कारण ते हातानं मोजता येतं. नर डासाच्या पोटात गेला की तिथला थंडावा त्याला जाणवतो. माणसाच्या अंगापेक्षा पाचएक अंश कमी तापमान, शिवाय डासाच्या अंगातलं झँथुरेनिक आम्ल. एवढ्या खुणेवर वीस मिनिटांच्या आत तो आपलं डीएनए तीनदा दुप्पट करतो आणि आठ शेपट्या बाहेर फेकतो. त्या आठ म्हणजे आठ शुक्रपेशी. मादी मात्र एकच बीज देते. म्हणजे कागदावर एक नर आठ माद्यांना पुरतो. पण कागदावरच. आठही शेपट्या नीट सुटतातच असं नाही, आणि आधीच आजारी, रक्त उतरलेल्या माणसाच्या अंगातून आलेले नर तर आणखी कमकुवत. त्यात चंद्रकोरीच थोड्या असतील तर? समजा डासाच्या घोटात पाचच आल्या आणि प्रमाण पाचात एक नर असं आहे. हिशोब केला तर तीनातल्या एका डासाच्या वाट्याला नर येतच नाही. मांडव सजला, नवरा नाही. म्हणून चंद्रकोरी विरळ झाल्या की थोडे जास्त नर ठेवणं हाही शहाणपणाच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कोंबड्यांना आणि उंदरांना एरिथ्रोपोएटिन टोचलं, म्हणजे रक्त कमी झाल्यावर शरीर जे संप्रेरक सोडतं ते, तर परजीवींनी नर वाढवले. यजमानाचं रक्त उतरलंय, दिवस कठीण आहेत, तजवीज करा.

म्हणजे एक कारण म्हणतं नर कमी करा, दुसरं म्हणतं नर वाढवा. आणि जसजसा मलेरिया कमी होत जातो तसतशी दोन्ही कारणं एकाच वेळी जोर धरतात. वाण एकटा पडतो, म्हणून माद्या हव्यात. चंद्रकोरी विरळ होतात, म्हणून नर हवेत. गडचिरोलीतल्या परजीवीनं या ओढाताणीत काय केलं असेल, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

‘लिंग गुणोत्तर’ हा शब्द कानावर पडला की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोक्यात दुसरंच काही येतं. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली. मी हा लेख गावातल्या एका मित्राला सांगितला तेव्हा तो पटकन म्हणाला, “बघ, जंतूला कळतं ते माणसाला कळत नाही.” टाळ्या पडतील असं वाक्य आहे, पण मला ते खोटं वाटतं. जंतूला मुलीची माया नाही. परवडलं की तोही नर वाढवतोच. आपल्या लाजेसाठी त्याला साक्षीदार करू नये.

आणखी एक कबुली द्यायची राहिली. एकदा ग्रामीण रुग्णालयातून नळीत भरलेलं रक्त आलं होतं. पाऊस, बंद रस्ता, यात ती नळी तासन्‌तास तशीच पडून राहिली. तिची पट्टी केली तर लाल पेशींच्या मध्ये बारीक, वळवळीत आकाराचे धागे दिसले. मी म्हटलं स्टेन खराब झाला. बरणी ओतून दिली, नवा स्टेन केला, ताजं रक्त मागवलं. ते बहुधा नरांनी फेकलेल्या शेपट्या होत्या. शरीराबाहेर रक्त थंड झालं की नराला वाटतं डास आला. बिचारा काचेच्या नळीत लग्नाला उभा राहतो.

गंमत म्हणजे मलेरियाच्या परजीवीचा शोधच मुळी या फसगतीतून लागला. अल्जीरियातल्या कॉन्स्टंटिन इथल्या लष्करी रुग्णालयात ६ नोव्हेंबर १८८० रोजी आल्फोन्स लाव्हराँ एका सैनिकाचं ताजं, न रंगवलेलं रक्त बघत होते. काचेवर थंड होत चाललेल्या त्या थेंबात एका गोळ्यातून अचानक शेपट्या फुटल्या आणि जोरजोरात हलू लागल्या. हे जिवंत आहे, याबद्दल त्यांची खात्री पटली. पण त्या शेपट्या कशासाठी, हे कळायला आणखी सतरा वर्षं गेली. १८९७ मध्ये विल्यम मॅक्कॅलम या अमेरिकेत शिकणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं कावळ्याच्या रक्तातल्या भाईबंद परजीवीत बघितलं, की दोन प्रकारचे गोळे आहेत. एकातून शेपटी सुटते आणि दुसऱ्यात घुसते. नर आणि मादी. लाव्हराँनी बघितला होता तो नर. ज्या नरांना आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता, त्यांनीच पहिल्यांदा वर्दी दिली होती.

हॅमिल्टनविषयी भाचीनं सांगितलं ते मात्र मी बराच वेळ मनात घोळवत बसलो. २००० च्या जानेवारीत तो काँगोच्या जंगलात गेला होता, एचआयव्हीच्या उगमाविषयीचा एक वादग्रस्त तर्क तपासायला चिंपांझींचे नमुने गोळा करायला. तिथे त्याला मलेरियानं गाठलं. लंडनला परत आणलं, पोटात रक्तस्राव झाला आणि ७ मार्चला तो गेला. त्रेसष्टाव्या वर्षी. त्याच्या हिशोबावर ज्या जंतूचं प्रमाण आठ वर्षं आधी सोडवलं गेलं होतं, तोच त्याच्या रक्तात. तिथल्या रुग्णालयातही कुणीतरी माझ्यासारखाच पट्टीवर वाकला असेल.

निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यातली एक पट्टी मला आठवते. तोवर आरडीटी, म्हणजे झटपट तपासणीचे किट आले होते, आशाताई पाड्यावरच तपासणी करायच्या, माझ्याकडे येणारे गठ्ठे रोडावले होते. ही पट्टी नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाची. दहा दिवसांपूर्वी त्याला ताप येऊन गेला होता. आता पोरगा टणाटण उड्या मारत होता, आई त्याला ओढून घेऊन आली होती. शंभर फील्डच्या शेवटी शेवटी एक चंद्रकोर मिळाली. एकच. मी ‘पीएफ जी’ लिहिलं आणि सिस्टरना सांगितलं. त्यांनी प्रायमाक्वीनचा डोस काढला. या गोळीची मला नेहमी गंमत वाटायची. फाल्सिपेरममध्ये ती त्या मुलासाठी नसतेच, तो तर बरा झालेला. ती असते चंद्रकोरी मारायला, म्हणजे त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी.

परवा भाचीबरोबर त्या पट्टीचा हिशोब मांडला. जाड थेंबाच्या शंभर फील्डमध्ये मिळून साधारण पाव मायक्रोलिटर रक्त बघून होतं. डास घोटभर पितो ते त्याच्या दहापट. माझ्या शंभरात एक, तर त्याच्या हजारात दहा. त्यात दोन नर धरले तर सोळा शेपट्या आणि आठ माद्या. जमून जातंय.

“मामा, ती एक होती ती नर की मादी?” भाचीनं विचारलं.

डोळे मिटून मी ते फील्ड पुन्हा समोर आणायचा प्रयत्न केला. निळी होती, एवढं नक्की. पण टोकं? ठिपके मध्यावर होते की पसरलेले? आई दारात उभी होती, पोराला निसटू न देता, आणि मी पेन उघडून रजिस्टरकडे वळलो होतो.